गळ्यातली कमळ

परकी बाई दारात उभी राहून रडत होती, आणि रडता रडता तिनं भीमाच्या गळ्यातला टाक दोन बोटांत धरला होता. टाक म्हणजे चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईमाणसाची आकृती. पहिली बायको मेली की दुसरीच्या गळ्यात तो बांधतात, म्हणजे मेलेली तिथं बसून राहते, घरभर फिरत नाही. “याच ना त्या?” बाई म्हणाली. “याच कमळाबाई?” भीमा हो म्हणाली. बाई उंच होती, आणि टाक नीट दिसावा म्हणून ती तो वर ओढत होती, त्यामुळं भीमाच्या मानेला दोरा काचत होता आणि ती टाचा उचलून उभी होती. “मास्तरांचं पुस्तक माझ्या उशाशी असतं हो. पुरुषाच्या जातीनं बायकोवर इतकं प्रेम करावं! ते पान आलं की मला पुढं वाचवत नाही. कमळाबाईंच्या आई आहेत ना अजून, कोंडाबाई, माले गावाच्या वरच्या अंगाला? कसा आकांत केला असेल त्या माउलीनं!” तिनं टाक कपाळाला लावला. भीमाला तिच्या केसांतल्या माक्याच्या तेलाचा वास आला. मग बाई पदर सावरून भवानी पेठेच्या गल्लीतून निघून गेली, आणि भीमा दाराशी मान चोळत उभी राहिली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की बाईनं आपल्या तोंडाकडं एकदाही बघितलं नाही. देवळात गेलेलं माणूस देव्हाऱ्याच्या लाकडाकडं बघत नाही, तसं.

तिला राग आला नाही. राग यायला पाहिजे होता, पण आलं ते कुतूहल, खरजेसारखं. ही कमळ होती तरी कशी? लग्न झाल्यापासून ती हिच्या छातीवर बसली होती. नवं लुगडं आणलं की आधी तिला दाखवायचं, मग नेसायचं. पहिला घास तिच्या नावानं ताटाबाहेर. सणावारी हळदकुंकू आधी तिला. हे सगळ्याच दुसऱ्या बायका करतात, त्यात भीमाचं वेगळं काही नव्हतं. वेगळं हे, की भीमा तिच्याशी बोलायची. केर काढताना, भाकरी थापताना, मास्तर शाळेत गेल्यावर. “बघ गं कमळ, आज पीठ चिकट लागतंय.” “कमळ, तुला तरी आवडायचं का गं त्यांचं ते पाठ फिरवून झोपणं?” कमळ उत्तर द्यायची नाही. टाकावरच्या बाईला डोळ्यांचे दोन ठिपके होते, नाकाची रेघ होती. तोंड काढायला सोनार विसरला असावा. पण भीमाला वाटायचं, ती ऐकते. आणि ऐकणारं दुसरं त्या दोन खोल्यांत होतं तरी कोण?

मास्तरांचं नाव सिद्धू, नेरे गावच्या कुणब्याचा पोर, शिकून शाळामास्तर झालेला. नेऱ्यात त्याचं आता कुणी उरलं नव्हतं आणि त्यानं भीमाला तिकडं कधी नेलंही नव्हतं. पुण्यात तो सिद्धनाथ झाला आणि स्वतःच्या घराविषयी लिहू लागला. एक पुस्तक मेलेल्या पोरावर, दुसरं मेलेल्या बायकोवर. लोकांनी डोक्यावर घेतलं. लोकांना रडायला आवडतं, आणि दुसऱ्यानं लिहिलेल्या मढ्यावर रडायला आपलं कुणी मरावं लागत नाही. सभेत तो वाचायचा तेव्हा शेवटी आवाज असा उतरायचा, की पुढच्या रांगेतले वकील उपरण्यानं डोळे पुसायचे. भीमा मागं बायकांत बसायची. तिला वाटायचं, आपला नवरा थोर आहे आणि आपण त्याच्या घरातली पाहुणी. खरी मालकीण ती, गळ्यातली.

आणि ती मालकीण राजी नव्हती. भीमाला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोटातलं पोटात टिकलं नाही. शेजारची तुळजाबाई स्पष्टच म्हणाली, “सवत राजी न्हाई गं तुज्यावर. तिचं पोर गेलं, तुजं कसं ऱ्हाऊ देईल ती?” भीमानं टाकाला नवा दोरा घातला, उपास धरले, घास मोठा केला. आता परत दिवस गेले होते. हे तिनं मास्तरांना सांगितलं, तेव्हा ते तिच्याकडं, तिच्या गळ्याकडं, कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “कमळच येतेय परत.” आणि उठून मेजाशी जाऊन बसले. टाक दौतीत बुडाल्याचा आवाज... टाकच म्हणतात त्यालाही, पण तो लिहायचा. तो आवाज ऐकून भीमानं पदर पोटावर ओढून घेतला होता, का ते कळलं नव्हतं. माणूस आनंदानं उठून लिहायला बसला, त्यात पोट काय झाकायचं?

परकी बाई जाताना एक नाव टाकून गेली होती, कोंडाबाई. मास्तर म्हणायचे कमळच्या माहेरचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, तिकडं आपलं कुणी नाही. पण पुस्तकात तर म्हातारी होती. भीमाला वाचता यायचं. तिनं ते मास्तरांच्या माघारी, त्यांच्याच पुस्तकावर बोट ठेवून शिकून घेतलं होतं, आणि त्यांना सांगितलं नव्हतं. तिनं पुस्तकातूनच शोधून काढलं: मालेच्या वर, पाण्याच्या काठानं, डोंगरउतारावर नव्यानं बसलेली वस्ती. मग तिच्या मनानं घेतलं, की आपण जाऊन मेलेलीच्या आईची ओटी भरावी, तिच्या पाया पडून म्हणावं, तुमच्या लेकीला सांगा, एवढं एक मला ठेवू दे. मास्तर साताऱ्याला वाचायला गेले होते. भीमाच्या बापाचा मैतर गेणबाकाका मालेकडून तांदूळ आणायचा आणि रिकामी गाडी घेऊन जायचा. ती खण, नारळ आणि ते पुस्तक घेऊन गाडीत चढली. पुस्तक का घेतलं, तिला सांगता आलं नसतं. कमळ त्यातच तर होती.

पौड मागं पडलं तशी हवा बदलली. भात कापून झालेलं, खाचरांत नुसती खुंटं, पेंढ्याच्या गंजी. गेणबाकाका बैलांशी आणि तिच्याशी एकाच आवाजात बोलत होता. “पोटुशी हायेस, मास्तराला न सांगता निघालीस, आन दगडधोंड्यातनं चाललीस सवतीच्या आईकडं. माजं काय जातंय म्हना. पर तुजा बाप असता तर मला जोड्यानं हानला असता.” “बाप असता तर मी निघालेच नसते, काका,” ती म्हणाली. तिचं ध्यान नव्हतं. ती पुस्तकातली कमळ आठवत होती. पुस्तकातली कमळ हळू चालायची. पुस्तकातली कमळ नवऱ्याला विचारायची, ‘जेवलात का?’ दुसरं फारसं विचारायची नाही. ती कधी जेवल्याचं पुस्तकात नव्हतं. या रानातली बाई, या चढावर डोक्यावर पेंढा घेऊन चढणारी, हळू चालत असेल? तिला शिव्या येत असतील का? कोणती शिवी तिच्या तोंडात असेल? असलं काही मनात येणं पाप आहे असं भीमाला वाटलं आणि तिनं टाकाला हात लावून माफी मागितली, आणि लगेच परत तेच मनात आलं. मग वळणावर पाणी दिसलं. एवढं पाणी तिनं पाहिलं नव्हतं. डोंगर कमरेपर्यंत कापून सपाट ठेवल्यासारखे दिसत होते. मधूनच एका मेलेल्या आंब्याचा शेंडा पाण्याबाहेर होता आणि त्यावर बगळा बसला होता. तळाशी घरं आहेत, चुली आहेत, काका म्हणाला, सत्याग्रहात मानसं आडवी पडली तरी बांधलंच. भीमाला वाटलं, कमळचं सगळं या पाण्याखाली, तरी ती हितं माझ्या गळ्यात. किती चिवट बाई असेल.

काकानं गाडी खाली सोडली आणि ती पायवाटेनं वर गेली. कुडाची घरं, अजून ओली वाटणारी. एका अंगणात म्हातारी सूप घेऊन नाचणी पाखडत बसली होती. भीमानं पाया पडून खण-नारळ पुढं ठेवला आणि म्हणाली, “कोंडाबाई तुमीच ना? मी पुन्याहून आलेय. सिद्धूमास्तराची दुसरी.” म्हातारीनं सूप थांबवलं. तिनं भीमाला पायापासून वरपर्यंत बघितलं, आणि नजर गळ्याशी येऊन अडली. “ह्ये कुनाचं?” “तुमच्या कमळचं, मावशी. मी रोज घास ठेवते तिला. कधी चुकले न्हाई.” म्हातारीचं तोंड उघडं राहिलं. मग तिनं मान मागं वळवून, सगळ्या उताराला ऐकू जाईल अशी हाक मारली, “कमळे! ए कमळे! हिकडं ये गं जरा. तू मेलीस म्हनं!”

गोठ्याच्या मागून एक बाई आली. काखेत शेळीचं करडू होतं, केसांत पेंढा. भीमानं पहिल्यांदा तिचे पाय बघितले. भुताचे पाय उलटे असतात. हिचे सरळ होते, टाचा फाटलेल्या, एका अंगठ्याला चिंधी बांधलेली. मग तिनं वर बघितलं. बाई काळी, रुंद हाडाची, चाळिशीकडं झुकलेली, आणि तोंड केवढं मोठं. “कोन मेलं?” बाई म्हणाली. “तूच की,” म्हातारी म्हणाली आणि हसायला लागली, दात नसलेलं हसू, सुपातली नाचणी सांडेपर्यंत. “म्हसराएवढी उबी हायेस आन मेलीस. बग, गळ्यात हायेस तिच्या.” कुणीतरी भीमाला धरून बसवलं, आणि ज्या हातांनी धरलं ते कमळचे होते, करडाच्या वासाचे, गरम. तांब्यातलं पाणी पिताना भीमा त्या हातांकडं बघत राहिली. गरम आहेत. एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

“कशानं मेले मी?” कमळनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. करडू तिनं मांडीवर घेतलं होतं. “मानमोडीच्या तापानं,” भीमा म्हणाली, आणि तिची तिलाच लाज वाटली, जसं काही तिनंच मारलं होतं. “आरं वा. मानमोडीत आमच्या आळीतली घरंच्या घरं गेली, मी एकटी मढी उचलाया धडधाकट व्हते. मेले म्हनून सांगितलं काय सगळ्यांना? काडी मोडली, ह्ये न्हाई सांगितलं?” मग तिनंच सांगितलं. पंचांपुढं वाळली काडी मोडून ती सिद्धूपासून सुटली होती, आणि कोंडीबा नावाच्या माणसाशी पाट लावून, दुसरं घर करून, इथं राहत होती. कोंडीबा आता शेरडं घेऊन पलीकडच्या रानात गेला होता. यात लपवायचं काही नव्हतं. मावळात बायका काडी मोडतात, पाट लावतात, पोरं होतात, कुणी मरत नाही. पण पुण्याच्या सभेत ‘माझी बायको मला सोडून गेली’ असं कोण वाचणार? लोक गालात हसले असते. गेलेलीला मेलेली केली की तेच लोक रडतात. एवढाच हिशोब, आणि त्याला प्रेम म्हणायचं.

“का सोडलंत?” भीमानं विचारलं. पुण्यातल्या दारापासून जो प्रश्न खाजत होता तो हाच होता की काय, असं तिला वाटलं. कमळनं करडाचे कान कुरवाळले. “पोर गेलं आमचं. सकाळी मूठमाती दिली. घरी आलो तर ह्यो बसला लिवाया. मला वाटलं लिवू दे, बापय मानूस, रडाया येत नसंल. तिसऱ्या दिशी पारावर बसून वाचून दाकवलं. सारं गाव रडलं. म्हातारेकोतारे रडले. मी घरात तोंड उगडलं रडाया, तर बाया म्हनल्या, अगं, तुज्या नवऱ्यानं किती झ्याक सांगितलं सारं. आता काय ऱ्हायलंय?” तिनं हात झाडला. “माजं रडं त्यानं रडून टाकलं, बये. मला काय ठेवलंच न्हाई. मग म्हनलं ह्याच्या घरात आपन काय करायचं.”

भीमाला आपलं आठवलं. दुसऱ्या वेळी रक्त जात होतं, तेव्हा मास्तर उशाशी बसले होते, हात हातात घेऊन. त्यांनी विचारलं होतं, “नेमकं कसं दुखतंय गं? पिळवटल्यासारखं, का कापल्यासारखं?” तिनं विचार करून सांगितलं होतं, पिळवटल्यासारखं. त्यांनी मान हलवली होती. किती मायेनं विचारलं, असं तिला वाटलं होतं. कितीतरी दिवस तिनं ते मायेचं म्हणून सांभाळून ठेवलं होतं, तुळजाबाईला सांगितलं होतं, गळ्यातल्या कमळलाही सांगितलं होतं: बघ, मला पण विचारतात. आता ते या अंगणात, नाचणीच्या भुशात पडलं आणि त्याचा वास वेगळा यायला लागला. आणि ‘कमळच येतेय परत’ म्हणून तो उठला, तो लिहायलाच. तिसरं पुस्तक. पोर जगलं तर त्याला त्यात काय लिहायचं? जगलेल्या पोराचं कुणी काय लिहितं? तिला दिसलं, की तो वाट बघतोय. त्यालाही ठाऊक नसेल, इतका गुपचूप वाट बघतोय. पोर गेलं तर एक पुस्तक, आपण गेलो तर मोठं. तो वाईट माणूस नव्हता, हात कधी उगारला नाही, दारू नाही. पण त्याच्या मेजाला माणसं लागत होती.

“काय लिवलंय, वाच की,” कमळ म्हणाली. तिनं पुस्तकाकडं बोट केलं. भीमानं आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं, अक्षर अक्षर जोडत: कमळने माझ्या मांडीवर मस्तक ठेविले. तिचे ओठ हलले. ‘पुढच्या जन्मी’ एवढेच शब्द मला ऐकू आले. “मांडीवर!” कमळ ओरडली. “आये, ऐकलंस का! त्याच्या मांडीवर बूड टेकलं आसतं तर मोडला आसता त्यो. आन फुडल्या जल्मी? ह्याच जल्मी पुरे म्हनून पळाले मी!” म्हातारी डोळे पुसत हसत होती, भीमाही हसली, आणि हसताना तिला भीती वाटली की आता काही होईल, छातीवर काही जड होईल, काही झालं नाही. तिनं पान उलटून पुढं वाचलं: तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. मी तो दातांनी काढला. ती म्हणाली, ‘अरे, तुझं तोंड खारट होईल.’ कमळचं हसू थांबलं. तिनं करडू खाली सोडलं. “परत वाच.” भीमानं परत वाचलं. “ह्ये खरं हाय,” कमळ म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात राग आला. “मुळशीच्या जत्रंतनं येताना. खोट्यामदी ह्ये कशाला घातलं त्यानं? ह्ये माजं व्हतं.”

तिनं एकाएकी भीमाच्या गळ्यात हात घातला, दोरा दातांनी तोडला आणि टाक उन्हात धरला. “जित्या मानसाचं घालू ने. आन तोंड कुटंय हिला?” ती म्हणाली. “बोलू ने म्हनून न्हाई काढलं व्हय?” तिनं तो कनवटीला लावला. भीमाची मान हलकी झाली आणि तिला एकदम एकटं वाटलं. तर मग तुळजाबाईचं खोटं. पोटातली दोन कुणी नेली नव्हती. सवतीनं नाही, कुणीच नाही. ती नुसती गेली होती, जशी जातात. इतक्या वर्षांचा दोष नव्हताच. हे कळून तिला बरं वाटायला हवं होतं, आणि बरं वाटतही होतं. पण ती जी केर काढताना ऐकायची, जिला सगळं ठाऊक होतं, तीही नव्हती. ती कोण होती? या मोठ्या तोंडाच्या बाईशी तिचा काही संबंध नव्हता. भीमानं तिला स्वतःच घडवलं होतं. मास्तरांनी एक घडवली, आपण एक घडवली, आणि ही तिसरी इथं टाचा फुटेपर्यंत चालत होती.

दुपार कलली तसा गेणबाकाका धापा टाकत वर आला. “चल गं पोरी, पौड गाठायचंय. भेटली का सवतीची आई?” “सवतच भेटली,” भीमा म्हणाली. काकानं कमळकडं बघितलं, तिच्या पायांकडं बघितलं, आणि एक पाऊल मागं सरकला. म्हातारीला परत हसू फुटलं. भीमा उठली नाही. तिनं कमळला विचारलं, “माजी आई न्हाई. बाळंतपनाला मला माहेर न्हाई. हितं ऱ्हाऊ का?” हे शब्द तिनं आधी योजले नव्हते, बोलल्यावरच तिला ते ऐकू आले. कमळ आणि म्हातारीनं एकमेकींकडं बघितलं. “नाचनी खावी लागंल,” कमळ म्हणाली. “भात सनाला. आन म्हातारी घोरती.” “तूच घोरतीस,” म्हातारी म्हणाली. काका डोक्याला हात लावून खाली बसला. “आगं पर मास्तराला काय सांगू मी? त्यो मला इचारंल न्हवं?” “सांगा, मी जिती हाय,” भीमा म्हणाली. “आन पोर हुईस्तवर लिवू नका म्हनावं. एक अक्षर न्हाई. लिवलंत तर मी पुन्याच्या सभंत यीन, हिला घिऊन, आन पुडं बसंन.” काका तोंडातल्या तोंडात सगळ्यांच्या नावानं पुटपुटत उतारानं खाली गेला. बैलांच्या घुंगरांचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग वळणावर बंद झाला. मास्तर येईल का? आला तर कुणाकडं आधी बघेल? भीमाला ते बघायचं होतं. भीतीपेक्षा ते बघायची हौसच जास्त होती, याचं तिला नवल वाटलं.

उन्हं पाण्यावरून सरकत होती. म्हातारी आत चूल पेटवायला गेली. दोघी अंगणात राहिल्या. भीमाच्या मनात एक गोष्ट कधीची होती. पुस्तकात सगळीकडं ‘बाळ’ होतं, नुसतं बाळ. पहिल्या पुस्तकातही, दुसऱ्यातही. एवढी पानं, एवढ्या ओव्यांसारख्या ओळी, आणि नाव नाही. तिनं विचारलं, “पोराचं नाव काय व्हतं?”

कमळनं जमिनीवरच्या नाचणीच्या दाण्यांवरून तळवा फिरवला. “काळू,” ती म्हणाली. “लई गोरा व्हता. दिठ लागू ने म्हनून काळू.” मग परत म्हणाली, “काळू,” जसं हाक मारतात तसं, अंगणापलीकडं बघून. आणि तिचं ते मोठं तोंड वेडंवाकडं झालं, आणि आतून एक आवाज आला, जुना, गंजलेला, जो कुठल्या पारावर कुणी ऐकला नव्हता.

भीमाला विचारायचं खूप होतं. किती मोठा झाला होता, कशानं गेला, शेवटी काय म्हणाला. तिनं काही विचारलं नाही. तिनं तोंड पाण्याकडं फिरवलं, पाठ कमळकडं केली, आणि कुणी वाटेनं वर येत नाही ना, ते बघत बसून राहिली.